दुसऱ्या काचेतला उजेड

१

दुसरी काचही उजळली.

ती उजळायला नको होती. पहिली उजळली तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण तिच्यात अ‍ॅल्युमिनियम मुद्दाम घातलेलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निळ्याहिरव्या झळकल्या आणि नागपूरहून आलेले परीक्षक डॉ. नयन बोरकुटे चक्क "वा!" म्हणाले. दुसऱ्या काचेवर तसाच पापुद्रा, नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि हलीमानं तयार केलेली ती पिवळी पूड. अ‍ॅल्युमिनियमचा कणही नाही. ही काच काळीकुट्ट राहायला हवी होती, आणि ती पहिलीच्या तोडीस तोड झळकत होती.

हलीमा शेखनं तीन वर्षं खपून ही पूड बनवली होती. तिचा गुण एकच. जिवंत पेशीत शिरायचं, तिथं अ‍ॅल्युमिनियम सापडलं तर जांभळ्या दिव्याखाली उजेड द्यायचा, नाही सापडलं तर गप्प बसायचं. सगळी किंमत त्या गप्प बसण्यातच होती. ऊठसूट बोंबलणारा राखणदार काय कामाचा?

मी विमल गावंडे. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण दारव्हा रस्त्यावरच्या आमच्या या महाविद्यालयाला पेशी म्हटलं की अजून माझीच आठवण येते. म्हणून हलीमाच्या पीएच.डी.च्या तपासणी समितीत मलाही बसवलं होतं. तिसरे सदस्य प्रा. सदाशिवराव ठाकरे, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि हलीमाचे मार्गदर्शक. खोलीच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं. मार्च महिना, आत नुसती भट्टी पेटलेली.

"आधीच्या सगळ्या फोटोंत ही काच काळी होती," बोरकुटे हळू आवाजात म्हणाले. "ते फोटो मग कशाचे आहेत?"

हलीमानं काच काढली, पुसली, नवीन केली. तीही उजळली. तिसरीही उजळली. पुन्हा नव्या काचेसाठी तिनं कांदा उचलला.

तेवढ्यात सूक्ष्मदर्शकाचा दिवा विझला. वीज गेली होती, नेहमीचं भारनियमन. अंधारात दार उघडलं आणि प्रयोगशाळेचा परिचर खेमसिंग आत डोकावला.

"सर, रस्ता बंद झाला. दोन्हीकून. कापसाच्या गाड्या आडव्या लावल्या लोकायनं. आता कोणालेच जाता येत नाही."

२

कापूस खरेदी केंद्राचं फाटक चार दिवसांपासून बंद होतं आणि त्या साली लोकांच्या अंगात सोसायची ताकद उरली नव्हती. आमच्या फाटकासमोरच पहिली गाडी आडवी उभी. यवतमाळकडे वाट नाही, दारव्ह्याकडे वाट नाही. फोन तेवढे चालू होते.

आम्ही सदाशिवरावांच्या खोलीत बसलो. तिथला पंखा गरगर फिरत होता. मीही निर्लज्जासारखी वाऱ्याखाली खुर्ची ओढून घेतली. हलीमाला मात्र त्यांनी त्या काळ्या खोलीतच थांबायला सांगितलं होतं.

"पोरीनं लिहून द्यावं," सदाशिवराव म्हणाले. "आधीचे फोटो बनावट होते, एवढं एक वाक्य. नोंदणी रद्द होईल, पण पोलिसांपर्यंत काही जाणार नाही. रस्ता मोकळा व्हायच्या आत विषय मिटलेला बरा."

"आणि तिची इथली नोकरी?" मी विचारलं.

"बनावट काम करणाऱ्याला वर्गावर कोण पाठवील, ताई?"

म्हणजे पदवीही गेली आणि पोटही. शिवाय हलीमाच्या दारव्ह्यासारख्या गावात ‘खोटारडी’ हे नाव एकदा चिकटलं की ते आईबापापर्यंत जातं.

"पाणी वगैरे खराब असू शकतं का?" बोरकुट्यांनी विचारलं.

"छे. कॅनचं सील काल मी स्वतःच्या हातानं तोडलं. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडं, एक खेमसिंगकडं. पाणी चोख आहे."

मला सदाशिवरावांचा राग आला होता. मार्गदर्शक म्हणवणारा माणूस असा सुरुवातीलाच हात झटकून मोकळा होतो? पण राग म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मलाही कळतं.

"रस्ता उघडेपर्यंत मला विचारपूस करू द्या," मी बोरकुट्यांना म्हटलं. "तसंही कुठं पळणार आहोत आपण?"

ते हो म्हणाले. सदाशिवरावांनी रुमालानं कपाळ पुसलं. पंख्याखाली बसूनही त्यांना घाम सुटला होता.

३

काळ्या खोलीत हलीमा स्टुलावर ताठ बसली होती. ओढणीनं वारा घेण्याचंही भान तिला नव्हतं.

"मॅडम, मी खोटं नाही केलं. अल्लाकसम. पण काच त उजळून राह्यली न! माह्याच डोळ्यांदेखत उजळून राह्यली. मी आता कायले काय म्हणू?"

"रडायचं नंतर. आधी सांग, या काचेवर काय काय असतं?"

"पापुद्रा, पूड अन् पाणी."

"मग तिघांनाही वेगवेगळं विचारू."

तिच्याकडे सेलवर चालणारा हातातला जांभळा दिवा होता. कोरड्या स्पिरिटात पूड विरघळवून तिच्यावर दिवा धरला, तर अंधार. म्हणजे पूड बिघडलेली नव्हती. त्यातच कांद्याचा पापुद्रा बुडवला, तरी अंधार. मग हलीमानं कॅनमधल्या पाण्याचा थेंब सोडला आणि बशीतून तो निळाहिरवा उजेड वर आला.

हलीमानं आणखी एक थेंब सोडला, उजेड वाढला.

"पाण्यात हाय," ती पुटपुटली. "मॅडम, ॲल्युमिनियम पाण्यातच हाय!"

कॅन मी दारातल्या उन्हात धरला. पाणी वरून नितळ. पण हलवल्याबरोबर तळातून भुरकट गाळ उठला आणि गोल फिरायला लागला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गाळ! त्या दिवसांत नळाला धरणाच्या तळाचं पाणी येत होतं, असंच भुरकट.

खेमसिंग दाराशीच होता.

"माह्याकडं पाहू नका, मॅडम. चाबी सरपाशी बी हाय. मी कॅनले हात नाही लावला. अन् मले त पाणी पेयाचं असलं तरी मी घरूनच आणतो."

त्यानं पिशवीतून बाटली काढून दाखवली. त्याच्या तांड्यावरच्या विहिरीचं पाणीही त्या वर्षी गढूळ होतं, पण बाटलीतलं नितळ होतं.

"हे कशानं निवळलं?" मी विचारलं.

"निवळीची बी घासते माही याडी घागरीच्या आतून. दुसरं कायी नाही."

याडी म्हणजे आई. निवळीचं बी मी वर्गात वर्षानुवर्षं दाखवलं होतं, पण घरात वापरणारा माणूस बऱ्याच काळानं भेटला. त्या बाटलीतला थेंब आम्ही पुडीवर टाकला. अंधारच राहिला.

मग अ‍ॅल्युमिनियम आणि नितळ पाणी यांची गाठ कुठं पडते, हे आठवायला मला वेळ लागला नाही. तुरटी. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. आणि कॉलेजात तुरटीचे खडे दिपाली वानखडेच्या टेबलाच्या खणात असतात, हे मला ठाऊक होतं.

४

दिपाली वानखडे त्याच विभागात शिकवायची. पुढच्या वर्षी एकच जागा कायम होणार होती. हलीमाला पदवी मिळाली तर ती जागा हलीमाची, नाही तर दिपालीची.

कॅनमधल्या गाळाचा विषय काढून मी आडवळणानं विचारायला गेले, पण ती माझ्याही पुढची.

"समजलं मले, ताई. तुरटी माही, जागा माही, म्हणून चोर बी मीच. पण मी एम.एस्सी. आहे हो! मले तिची काच बिघडवायची असती, तर चिमूटभर तुरटी त्या कॅनमध्ये टाकली असती अन् झाकण लावलं असतं. गाळ कायले टाकीन? कॅन हलवला की कोणालेही दिसते ते."

"हे तू मनाशी फार नीट ठरवून ठेवलेलं दिसतंय."

"ठरवलं नाही. आत्ता सुचलं." ती थांबली आणि एकदम खाली बघत म्हणाली, "खोटं कशाले बोलू, काच उजळल्याचं ऐकलं तेव्हा मले बरं वाटलं होतं. मग तिचा चेहरा पाह्यला अन् माही मलेच शरम वाटली."

पोरगी खरं बोलत होती. शिवाय तिच्या बोलण्यातच मला वाट सापडली. बिघाड करायचा असता तर चिमूट पुरली असती. इथं कॅनमधलं चांगलं पाणी पूर्ण गेलं होतं आणि त्याजागी दुसरं भरलं होतं. म्हणजे हलीमाचा प्रयोग बिघडवणं हा कुणाचा हेतू नव्हता. कुणाला तरी पाणी हवं होतं.

कॅनभर डिस्टिल्ड वॉटर प्रयोगशाळेबाहेर कुणाच्या कामाचं? मी जिन्यात थबकले. वरून सदाशिवरावांच्या पंख्याचा आवाज येत होता. सगळ्या कॉलेजात वीज नव्हती आणि त्या एकाच खोलीत इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता.

मी धावतच वर गेले आणि बोरकुट्यांसमोर म्हणाले, "पाणी बॅटरीसाठी गेलंय."

सदाशिवरावांचा चेहरा एकदम उजळला.

"बॅटरी! बरोबर बोललात, ताई. बोरकुटे सर, हलीमाच्या वडिलांचं दारव्ह्यात दुकान आहे. हबीब बॅटरीवाला. पोरीनं पाणी बापाला नेऊन दिलं आणि कॅनमध्ये भलतंच भरून ठेवलं. म्हणजे बनावटही आणि चोरीही!"

दारात हलीमा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

५

तिला सोडवायला गेले आणि दोर मीच आवळला. हलीमा रडली नाही. फोन काढून तिनं वडिलांना लावला आणि माझ्या हातात दिला.

हबीबभाईंचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "पाणी? माह्या दुकानात कॅनची थप्पी लागून हाय, मॅडम. पोरीकून एक कॅन कायले मागीन? उलट काल सकाळी सरनं मलेच बोलावलं होतं. इन्व्हर्टर चूं-चूं करून राह्यला म्हणे. झाकणं खोलून पाह्यली, त बॅटरी कोरडीठाक. म्हटलं, डिस्टिल वॉटर पाठवून देतो. त सर म्हणे, राहू द्या, हाय आपल्याकडं."

"पोरीसाठी बाप काहीही बोलेल," सदाशिवराव म्हणाले.

तेही खरंच होतं. बापाच्या शब्दावर कुणाला सोडत नाहीत आणि कुणाला धरतही नाहीत. पण आमच्याजवळ एक साक्षीदार असा होता, ज्याला ना बाप होता ना मार्गदर्शक.

"हलीमा, तुझी पूड अन् हातातला दिवा आण," मी म्हटलं.

खिडक्या लावून घेतल्या आणि बशीतल्या पुडीवर बोरकुट्यांच्या विकतच्या बाटलीतला थेंब टाकला. अंधार. प्रयोगशाळेच्या नळाचं भुरकट पाणी टाकलं. उजेडाचा भास व्हावा, इतकंच. मग खेमसिंग आणि दिपालीकडून स्टाफरूममधल्या पिण्याच्या रांजणातलं पाणी आणवलं. थेंब पडला आणि बशी थेट त्या कॅनच्या पाण्यासारखी झळकली.

"कॅनमध्ये रांजणातलं पाणी भरलंय," मी म्हटलं. "आता मला सगळ्यांनी एकच सांगा. त्या रांजणातलं पाणी नितळ का असतं?"

"पाणी भरणारी नंदाबाई सकाळी तुरटी फिरवते," दिपाली म्हणाली. "खडे मीच देते."

"माह्यासमोरच फिरवते," खेमसिंग म्हणाला. "तोंड तुरट होते, म्हणून त मी पेत नाही ते."

"मी बी पेत नाही," हलीमा म्हणाली. "आमच्या घरीही अम्मी तुरटीच फिरवते. तुरटीच्या पाण्याचा हात पुडीले लागू नाही, म्हणून मी इथं आल्यावर आधी कोपरापर्यंत हात धुते."

"आणि तुम्ही, सर?"

सदाशिवराव वैतागले. "हा काय प्रश्न झाला? पाणी रांजणात असतं, म्हणून नितळ असतं. गाळ खाली बसतो."

"तुमच्या घरी?"

"घरी माठात असतं. मी काय पाणी भरतो का?"

बोरकुट्यांनी मान वर केली. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"तेच तर," मी म्हटलं. "तुम्ही आयुष्यात पाणी भरलं नाही. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं, ते तुम्ही कॅनमधून ओतलं. रिकामा कॅन दिसायला नको, म्हणून भरायला निघालात. नळाचं पाणी भुरकट, पण रांजणातलं स्वच्छ दिसलं. रांजण तळाला आला होता, म्हणून थोडा गाळही आला. दिपालीनं, खेमसिंगनं किंवा हलीमानं हे पाणी त्या कॅनमध्ये कधीच ओतलं नसतं, कारण त्यात तुरटी आहे हे त्यांना माहीत आहे. हलीमानं तर मुळीच नाही, तिची पूड नेमकी तेच पकडते. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हे तुम्ही वर्गात शिकवता, सर. पण तुमच्या पुढ्यात येणारा पाण्याचा ग्लास कशानं नितळ होतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. या इमारतीत असा माणूस एकच आहे."

"बोरकुटे सरांनाही कुठं ठाऊक असणार!"

"मी आज सकाळी आलोय," बोरकुटे कोरडेपणानं म्हणाले. "आणि सील तुम्ही तोडलंत, असं तुम्हीच सांगितलंत."

खेमसिंगनं कुणी न सांगताच टेबलामागच्या बॅटरीची झाकणं उघडली. काठोकाठ भरलेली. कुणाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

सदाशिवराव खुर्चीत बसले आणि त्यांची ती छापील भाषाच गळून पडली.

"नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले, अन् खोलीत पंखा बंद. बरं दिसते का ते? नवीन कॅन मागवाले वेळ नव्हता. मले वाटलं, पाणी ते पाणी. एवढ्याशानं काय होते!"

"आणि काच उजळली तेव्हा?" हलीमानं विचारलं.

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला.

"तेव्हा तुम्हाले समजलं होतं, सर. पाणी बदललं हे तुम्हाले एकट्यालेच माहीत होतं. तरी तुम्ही मले लिहून मागत होते."

मला वाटलं होतं, चोर सापडला की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. एका कॅनच्या लाजेपायी हा माणूस एका पोरीला जन्मभरासाठी बुडवायला निघाला होता, आणि त्याच्यासमोर बसून मी त्याच्याच पंख्याचा वारा खात होते. मला त्यांची किळस आली आणि थोडी माझीही.

६

हबीबभाई आले ते सायकल ढकलत. गाड्यांच्या रांगेतून कापूसवाल्यांनीच त्यांना वाट करून दिली होती. कॅरिअरला डिस्टिल्ड वॉटरचा कोरा कॅन बांधलेला. आत येऊन त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. कॅन लेकीच्या हातात दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

बोरकुटे मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तिचं काम खरं आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. मी अहवालात पाण्याची चूक झाली, एवढंच लिहितो. मार्गदर्शक बदलायचा तर सदाशिवरावांची ना-हरकत लागेल. त्यांना दुखवून ती मिळणार नाही. सांभाळून घेतलेलं तिच्याच फायद्याचं."

म्हणजे निर्दोष ठरूनही पोर त्याच माणसाच्या सहीत अडकलेली. नियमच तसा. मी हलीमाला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. अधिकारी येऊन बोलणी झाली होती आणि गाड्या एकेक करून बाजूला व्हायला लागल्या होत्या. बोरकुट्यांच्या जीपच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. सदाशिवराव कधी नव्हे इतक्या चपळाईनं उठले आणि त्यांनी पिशवी उचलली.

"सर, थांबा," हलीमा म्हणाली. "तपासणी झाली नाही अजून."

"आता कशाची तपासणी? झालं ना सगळं."

"दुसरी काच राह्यली हाय."

तिनं पंख्याचं बटण बंद केलं आणि इन्व्हर्टरची तार ओढत काळ्या खोलीतल्या दिव्याला जोडली. आम्ही सगळे पुन्हा त्या भट्टीत जाऊन उभे राहिलो. तिनं नव्या पाण्यानं सगळी भांडी धुतली, नवा पापुद्रा सोलला, पूड घातली, काच ठेवली. बाहेर भोंगे वाजत होते, कोणी तरी जोरात हाका मारत होतं, पण ती काही घाई करेना.

बोरकुटे बघायला पुढे झाले.

"आधी सर," हलीमा म्हणाली. "माहे मार्गदर्शक तेच हायत."

सदाशिवराव वाकले. बराच वेळ डोळा लावून बसले. मान वर काढली तेव्हा घामानं त्यांचा चष्मा धुरकटला होता.

"काय दिसते, सर?"

ते काही तरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"काही नाही दिसत," सदाशिवराव म्हणाले. "काळी आहे काच. पूर्ण काळी."

"मोठ्यानं सांगा, सर," हलीमा म्हणाली. "बाहेर माहे अब्बा बसून हायत."